कूलर बंद ठेवलेला उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर पाण्याची सूचना लागते. यंदाही लागली. सोमवारपासून पाणी एक दिवसाआड. लोक येता-जाता वाचतात, कपाळाला आठ्या घालतात आणि टँकरवाल्याला फोन लावतात. मीही वाचली. पुण्यातल्या त्या गार जिन्यात उभी होते, तरी दातांखाली वाळू कचकचल्यासारखं झालं. ती वाळू इथली नव्हे. ती जयपूरची, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याची. पाऊस लागोपाठ चुकला होता आणि शहर घशाला कोरड पडल्यासारखं बसून होतं.

वर आले तर नात टॅबवर शाळेचा धडा करत बसलेली. पडद्यावर एक नळ होता, त्याला डोळे होते आणि त्यातून थेंब रडत रडत पडत होते. तिनं बोट टेकवून नळ बंद केला. टाळ्या वाजल्या, एक चांदणी मिळाली आणि ती खेळायला पळाली. बाथरूमचा नळ तसाच ठिबकत राहिला. मी उठून तो बंद केला. पडद्यावरचा नळ आणि घरातला नळ यांच्यात एवढंसंच अंतर असतं, पण ते ओलांडताना किती दम लागतो, हे मला त्या उन्हाळ्यानं दाखवलं होतं.

जयपूरचा उन्हाळा आधी कानांना कळायचा. एका सकाळी गल्लीतले सगळे कूलर घरघरायला लागायचे. मग ओल्या वाळ्याचा वास. मग लू. ती अंगावर यायची ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. आमच्या आर्मी क्वार्टर्समधल्या बायका शाळेत जाणाऱ्या मुलांच्या खिशात कांदा ठेवायच्या, लू लागू नये म्हणून. मीही माझ्या लेकाच्या, निखिलच्या खिशात ठेवायची. कधी संध्याकाळी पश्चिमेकडून तपकिरी भिंत उठायची. 'आंधी! आंधी!' असा ओरडा व्हायचा, गच्च्यांवरचे कपडे गोळा करायची धांदल उडायची आणि नंतर अंथरुणातली वाळू झाडूनच झोपावं लागायचं. हे युनिटबरोबर पार वाळवंटाच्या टोकाला गेलेले. घरात मी आणि निखिल. पहाटे नळाला पाणी यायचं ते घाईघाईनं, पाहुण्यानं दारातूनच परत जावं तसं.

"आई, जल्दी ये ना, पानी चाललंय!" निखिल ओरडायचा. त्याचं मराठी असं अर्ध्या वाटेवर हिंदीला भेटायचं.

मला पाण्याची टंचाई नवी नव्हती. माझं माहेर माणदेशातलं, दहिवडीजवळचं. आमची आई आम्हा भावंडांना लिंबाच्या आळ्यात उभं करून अंघोळ घालायची. अंघोळ आमची, पाणी लिंबाचं. त्या झाडाला बारा महिने लिंबं असायची. पाणी एकदा वापरलं की संपतं, हे मला लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगानेरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी चौथीला शिकवायची. आमच्याकडे सगळीकडची मुलं होती. फौजी घरांतली, बँकेत बदलून आलेल्या साहेबांची, आसपासच्या वस्तीतली आणि सांगानेरच्या कापडाच्या छापखान्यांत, कागदाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. पुस्तकात पर्यावरणाचा एक धडा होता. झाडं आपले मित्र आहेत, पाणी हे जीवन आहे. मुलं तो एका सुरात घडाघडा म्हणायची आणि सुट्टी झाली की माठाखालच्या चिखलात पाय आपटायची.

त्याच वर्षी शाळेत दोन संगणक आले. सरकारी योजनेतून आले होते. शेखावत मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रिन्सिपॉलबाईंनी, त्यांना कुंकू लावलं, हार घातले. गच्चीखालच्या एका खोलीला नवा रंग दिला, खिडकीत भलामोठा कूलर बसवला आणि दारावर पाटी लावली. माथुर सर तिथले पुजारीच झाले. ते गणिताचे शिक्षक, चाळिशीचे, सडसडीत, सदा इस्त्रीच्या शर्टात. यंत्रांवर मखमलीची झाकणं त्यांनी स्वतः शिवून घेतली होती. नववीच्या खालच्या मुलांना आत प्रवेश नव्हता.

मी त्यांना म्हणाले, "माझी चौथी आत आणू द्या. मला त्यावर पाण्याचा धडा करायचाय."

"मॅडम, यह बच्चों का खिलौना नहीं है," ते म्हणाले. रागानं नव्हे, काळजीनं. "एक बटन उखड़ गया तो दिल्ली लिखना पड़ेगा।"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी चौकटीच्या कागदावर अख्खा धडाच काढून नेला. कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर, कोणतं बटण दाबलं की काय व्हायचं, सगळं. माथुर सरांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. गणिताच्या माणसाला नीट मांडलेली गोष्ट नाकारता येत नाही. "इसमें एक गलती है," ते म्हणाले आणि पेन्सिल काढली. त्या क्षणी मला कळलं, काम झालं.

माथुर सरांनी यंत्रात चढवलेला तो धडा साधा होता. काळ्या पडद्यावर हिरव्या फुल्यांनी भरलेली एक टाकी. ते एका घराचं दिवसाचं पाणी. खाली प्रश्न यायचे, रोमन अक्षरांतल्या हिंदीत, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. दात घासताना नळ चालू ठेवणार की तांब्या घेणार? तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत की तुळशीला? मुलानं आकडा दाबला की टाकीतल्या फुल्यांची एक ओळ पुसली जायची, नाहीतर टिकायची. पाणी दुसऱ्यांदा वापरलं तर पुसलेली ओळ परत यायची. संध्याकाळपर्यंत टाकी पुरली तर पडद्यावर एक माठ उमटायचा आणि यंत्र पिप् करायचं. त्या एका पिप्साठी मुलं काय काय करायची! कुणी घरी जाऊन आईला बादली कुठे ओततेस म्हणून विचारलं, कुणी आजोबांच्या दाढीचं पाणी मोजलं.

खोलीत प्रिंटरही होता. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला लांबच लांब कागद त्यातून निघायचा आणि चुकलेले कागद कोपऱ्यात साठायचे. शबनम म्हणाली, "मॅडम, यह फेंकते क्यों हो? अब्बू इससे फिर कागज बना देंगे।" शबनम सांगानेरची. तिचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवणारं. कापडाच्या चिंध्या आणि जुना कागद भिजवून, लगदा करून त्याचे ताव काढायचे, हा त्यांचा धंदा. आम्ही एक पोतं भरलं. तिचे वडील सायकलवरून येऊन ते घेऊन गेले. पण जाताना म्हणाले, "बेटी, हौद सूखे पड़े हैं। पानी आएगा, तब बनेगा।"

कागद परत जन्माला घालायलासुद्धा पाणी लागतं, हे आमच्या धड्यात नव्हतं. मी त्याच आठवड्यात ते घातलं. तो कागद आला तो पुढे पाऊस झाल्यावर, जाडसर, करडा. एका तावात हिरव्या धाग्याचा तुकडा अडकला होता.

आज मी या सगळ्याकडे बघते तेव्हा वाटतं, मुलांना शिकवताना आपण नेहमी दुसऱ्याच घराची टाकी काढतो. कुठल्याशा कल्पित घराची. तिथे दात घासले जातात, तांदूळ धुतले जातात, आणि आपण स्वतः जिथे बसलोय ती खोली मात्र त्या चित्रात येत नाही.

ती चित्रात आणली शबनमनं. धडा चालू होता. तिची पाळी होती. आकडा दाबायच्या ऐवजी ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"मॅडम, इसमें कूलर नहीं है।"

सगळे हसले. कूलर त्यांच्या डोक्यावरच घरघरत होता आणि शिपाई बाहेरून त्यात बादली ओतत होता. पाण्याचा धबधबा आतपर्यंत ऐकू आला. हसू हळूहळू विरलं. माथुर सरांनी मान खाली घातली आणि झाकणाची झालर उगाच नीट केली.

आम्ही मोजलं. चौथीच्या मुलांनी आळीपाळीनं खिडकीखाली उभं राहून कूलरमध्ये ओतलेल्या बादल्या खडूच्या रेघांनी भिंतीवर मांडल्या. एका सकाळी कूलरला जेवढं पाणी लागलं, तेवढ्यात पहिली-दुसरीचे सगळे माठ भरून वर उरलं असतं. मी तो आकडा धड्यात घातला. आता प्रश्नांमध्ये एक नवा प्रश्न होता, कूलर चालवणार की नाही? कुणीही 'हो' दाबलं की अर्धी टाकी एकदम काळी व्हायची.

"हे ठेवू नका," माथुर सर मला बाजूला घेऊन म्हणाले. आम्ही हिंदीतच बोलत होतो, पण त्यांचा सूर मला अजून मराठीतच ऐकू येतो. "मला कूलर हौसेसाठी नकोय. यंत्र तापलं तर बंद पडेल. या यंत्रासाठी मी किती वर्षं वाट पाहिलीय, तुम्हाला माहीत नाही. मी कॉलेजात असताना संगणकाचं फक्त चित्र पाहिलं होतं."

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हणाले, "मग यंत्रं सकाळी चालवू या, कूलरशिवाय. शाळा भरल्याबरोबर. ऊन तापायच्या आत सगळे तास उरकायचे, नंतर यंत्रं झाकून ठेवायची."

"टाइमटेबल?"

"ते मी बदलून आणते."

टाइमटेबल बदलायला मला प्रत्येक शिक्षकाच्या दारात जावं लागलं. संस्कृतच्या बाईंनी पहिला तास सोडायला साफ नकार दिला. मी त्यांच्या घरी जाऊन बसले. त्यांनी पन्हं दिलं, मी ते प्यायले आणि तास घेऊनच उठले.

शेखावत मॅडमनी बदल मान्य केला, पण एक अट घातली. "तपासणीला साहेब लोक येणार आहेत. ते येतील अकरानंतर. त्या दिवशी कूलर चालेल. घामाघूम होऊन ते संगणक बघणार नाहीत. आपले संगणक काढून दुसऱ्या शाळेला दिले तर?" ही भीती खरी होती. तेव्हा शाळा यंत्रांची वाट बघत रांगेत उभ्या होत्या.

मी हो म्हणाले. एक दिवसच तर होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी टँकर आला नाही. शाळा सुटायच्या आधीच टाकी तळाला गेलेली. शेखावत मॅडमनी कूलरसाठी दोन पिंपं बाजूला काढून ठेवायला लावली आणि लहान वर्गांना निरोप गेला, उद्या घरून पाणी आणा. तपासणीच्या सकाळी ज्यांच्या घरी पाणी होतं त्यांनी आणलं. दुसरीतल्या पिंकीच्या घरी नव्हतं. ती व्हरांड्यात रांगेत उभी असताना खाली बसली, मग आडवी झाली. मी धावले. तिचे ओठ पांढरे पडले होते, अंग तव्यासारखं. माझ्या बाटलीत घोटभर पाणी होतं ते तिच्या तोंडाला लावलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. पदर भिजवण्यापुरतंही पाणी मागून आणावं लागलं.

तिला शिक्षकांच्या खोलीत निजवून, तिच्याजवळ संस्कृतच्या बाईंना बसवून मी थेट संगणकाच्या खोलीत गेले. शेखावत मॅडम तिथेच होत्या, हारांची व्यवस्था बघत. शिपाई पिंपाचं झाकण काढत होता.

"थांब," मी म्हणाले.

"मिसेस देशमाने, साहेब येतच असतील," मॅडम म्हणाल्या.

"येऊ द्या. आधी तुम्ही हा धडा करून बघा. तुम्ही अजून केलेला नाही."

मी यंत्र चालू केलं नाही, ते माथुर सरांनी केलं. न सांगता. शेखावत मॅडम खुर्चीवर बसल्या. त्या शेखावाटीतल्या, वाळूतल्याच. त्यांना पाणी मी काय शिकवणार होते? त्यांनी एका बोटानं आकडे दाबायला सुरुवात केली. तांब्या घेतला. तांदळाचं पाणी तुळशीला घातलं. मग कूलरचा प्रश्न आला. त्यांचं बोट बटणावर थांबलं.

"पिंकी कशी आहे?" त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"शुद्धीवर आहे. पाणी मागतेय."

त्यांनी बटण दाबलंच नाही. उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "मटके भर दो। पहले छोटी क्लास के।"

"और कूलर, मैडम?"

"सुना नहीं क्या?"

पिंपं व्हरांड्यात गेली. माठात पाणी पडल्याचा तो जाड, गोल आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.

साहेब आले. तिघे होते. सुटाबुटातले. खोलीत पाऊल टाकताच त्यांच्या कपाळावर घाम फुटला. माथुर सर यंत्राजवळ उभे होते, हातात पुठ्ठा घेऊन. त्या पुठ्ठ्यानं ते यंत्राच्या पाठीमागे वारा घालत होते, मूल आजारी असावं तसे. शबनमनं धडा करून दाखवला. थोरल्या साहेबांनी कोट काढून हातावर घेतला आणि विचारलं, "इतकी गर्मी क्यों है यहाँ?"

शबनम म्हणाली, "सर, कूलर का पानी बच्चों ने पी लिया।"

एक साहेब हसले. थोरले हसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात हिरवी अक्षरं थरथरली, पडदा पांढरा झाला आणि विझला. उन्हानं म्हणा, विजेनं म्हणा. माथुर सरांच्या हातातला पुठ्ठा थांबला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

यंत्र बिघडलं नव्हतं. थंड झाल्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू झालं. पण साहेब निघून गेले होते, आणि काही दिवसांनी हुकूम आला. संगणक शाळेकडेच राहतील, मात्र ते योजनेप्रमाणे मोठ्या वर्गांसाठीच आहेत. प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात प्रवेश करू नये.

शेखावत मॅडमनी तो मला वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मी हे फिरवू शकत नाही. पण कूलर आता चालणार नाही. तेवढं माझ्या हातात आहे." आणि खरंच, त्या उन्हाळ्यात तो पुन्हा चालला नाही. त्याची रिकामी टाकी सोडवून, घासून, व्हरांड्यात ठेवली गेली. लहान मुलांसाठी त्यात पाणी साठवायचं.

मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता, परीक्षा जवळ होत्या. निखिलनं विचारलं, "आई, मतलब तुम्ही हरलात?" मी पोळी लाटत होते. म्हटलं, "नाही रे. पिंकी शाळेत येतेय ना?" त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला पटवायला रात्रीची भांडी घासून होईपर्यंत वेळ लागला. मग मी चौकटीचा कागद काढला. यंत्र नाही तर खडू. व्हरांड्याच्या फरशीवर टाकी काढायची आणि मुलांनी स्वतः फुल्या पुसायच्या. ते काही तितकं चांगलं होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पिप् कुठून आणणार?

सोमवारी सकाळी लवकर गेले. हवा अजून गार होती, कडुनिंबाखाली पिवळी पानं पडली होती. चौथीची मुलं व्हरांड्यात बसली होती, दुसरीची मागे उभी. मी वाकून फरशीवर पहिली रेघ ओढली आणि मागून कुणीतरी 'साइड, साइड' म्हणालं.

माथुर सर होते. त्यांच्यामागे नववीची दोन मुलं एक टेबल उचलून आणत होती. टेबलावर मखमलीचं झाकण घातलेलं काहीतरी. खिडकीतून एक लांब वायर बाहेर आली होती. सरांनी ती दोनदा ओढून तपासली, टेबल भिंतीच्या सावलीत लावायला सांगितलं आणि झाकण काढलं.

"सर, हुकूम..." मी म्हणाले.

"हुकूम मी तीनदा वाचलाय," ते म्हणाले. आवाज वर्गात प्रमेय समजावताना लागतो तसा, शांत. "मुलांनी खोलीत जायचं नाही, असं लिहिलंय. यंत्रानं खोलीबाहेर यायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही."

वर पहिल्या मजल्यावरच्या कठड्याशी शेखावत मॅडम उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. मग पाठ फिरवून त्या सावकाश आपल्या खोलीत गेल्या.

पडदा हिरवा झाला. मी हातातला खडू फरशीवर ठेवला आणि मुलांना म्हटलं, "चलो, पास आ जाओ।" लू सुटायला अजून बराच वेळ होता.